नॉर्वेच्या पाहुणीची ओटी

आमच्या विणकामाच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं उगवतात. मग कुणीतरी अर्धवट विणलेल्या स्वेटरचा फोटो टाकतं, त्याच्याखाली सगळ्या 'अप्रतिम' लिहितात आणि तो स्वेटर पुढे कधीही पूर्ण होत नाही. ग्रुपमधल्या बहुतेकींना मी प्रत्यक्ष पाहिलेलंच नाही. एकीला तर मी अजूनही तिच्या फोटोतल्या लाल साडीवरून ओळखते. तरी आम्ही सख्या आहोत, कारण ग्रुपच्या वर तसं लिहिलेलं आहे.

या सख्यांमध्ये एक नॉर्वेची बाई होती. मी बोर्ली पंचतनला राहते आणि पडवीत बसून क्रोशाची तोरणं विणते. त्यातल्या एका तोरणाचा फोटो कुठून कुठून फिरत तिच्यापर्यंत गेला आणि तिला त्यातले मोर शिकायचे होते. मी दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर तिला शिकवू लागले. इंग्रजी दोघींचंही कामापुरतं, पण टाके दाखवायचे असतात, सांगायचे नसतात, म्हणून निभावलं. त्याच सुमाराला माझे यजमान गेले. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि चौदाव्या दिवसापासून जागाच जागा होती. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, मग पुन्हा गुलाब सुरू झाले. ही बाई मात्र शनिवार चुकवायची नाही. काय बोलावं ते तिलाही सुचत नसे. ती कॅमेऱ्यासमोर बसून नुसती विणायची आणि मी इकडे विणायचे. ते वर्ष मी त्या शनिवारांवर काढलं.

तर यंदा हिवाळ्यात ती भारतात येते म्हणाली. तिला दोनच गोष्टी बघायच्या होत्या, माझी पडवी आणि समुद्र. समुद्र आमच्याकडून रिक्षानं जाण्याएवढा. मी आनंदाच्या भरात ही बातमी ग्रुपवर टाकली आणि तिथून पुढे ती माझी पाहुणी राहिली नाही.

आमची ॲडमिन पुण्याची. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त आहे, पण हातातली घंटा तिनं अजून खाली ठेवलेली नाही. तिनं तासाभरात 'पाहुणी दौरा' नावाचा वेगळा ग्रुप काढला, पाहुणीला वगळून. त्यावर फुलं टाकायला बंदी होती. दौरा ठरला तो असा: किहीम, अलिबाग, मुरूड, तिथून आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घालून दिघी, मग बोर्ली, मग हरिहरेश्वर. बोर्लीच्या पुढे 'चहा' एवढंच लिहिलं होतं. गाडीत पेट्रोल भरायला थांबावं तसं माझं घर.

मग चर्चा सुरू झाली कमोडची. किहीमच्या सखीची नारळाची वाडी आहे आणि त्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. तिनं आपल्या कमोडचे फोटो टाकले, झाकण उघडून आणि झाकण लावून. मुरूडच्या सखीनं तिच्याकडचा यापेक्षा उंच असल्याचं कळवलं. माझ्याकडे देशी संडास आहे म्हटल्यावर बोर्लीचा चहासुद्धा धोक्यात आला. शेवटी मी पाहुणीलाच विचारलं. ती म्हणाली, आमच्या उन्हाळ्यातल्या लाकडी घरात संडास अंगणाच्या पलीकडे आहे आणि त्याचं दार नीट लागत नाही. हे मी ग्रुपवर सांगितलं ते कुणालाच आवडलं नाही. परदेशाबद्दल असं वाटेल ते बोलू नये, असा एकंदर सूर होता.

तिखटाचं तेच. पाहुणीला सोसणार नाही म्हणून कोलंबीच्या कालवणातून मिरची गेली, मग लसूण गेला, मग एकीनं कोलंबीच काढून टाकली. सोमवार होता तिच्याकडे.

आणि मग निघाला ओटीचा विषय. परदेशातून बाई येते, तिला खणा-नारळानं ओटी भरूनच पाठवायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. इतकं चटकन एकमत या ग्रुपवर मी कधी पाहिलं नव्हतं. पण किहीमच्या सखीनं खडा टाकलाच. तिनं विचारलं, "पाहुणी सवाष्ण आहे ना?"

आता आली पंचाईत. पाहुणीची दोन लग्नं झालेली, दोन्ही मोडलेली, आणि सध्या ती एका सुताराबरोबर राहते, त्याच्याशी लग्न न करता. यावर एक अख्खी दुपार गेली. एकीचं म्हणणं, लग्न नाही तर कुंकू कसलं. दुसरीचं म्हणणं, त्यांच्याकडे हे चालतं. तिसरीनं विचारलं, आधीचे दोघे हयात आहेत का? आहेत, दोघेही ठणठणीत आहेत. मग प्रश्नच मिटला! एक सोडून दोन नवरे जिवंत आणि वर एक सुतार, म्हणजे ती तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्तच सवाष्ण निघाली. ॲडमिननं निकाल दिला, ओटी भरायची.

मी हे सगळं वाचत होते. मला एकच नवरा मिळाला, तोही रीतसर, चारचौघांसमोर, अग्नीभोवती फिरून. पण तो गेला, म्हणून मी बाद. ग्रुपवर मी आहे हे त्या विसरल्या होत्या, की लक्षात असूनच बोलत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. विसरल्या असतील तर बरं.

दुसऱ्या दिवशी ॲडमिननं पाहुणीसाठी इंग्रजीत एक टिपण लिहिलं आणि ग्रुपवरही टाकलं. ओटी म्हणजे एका स्त्रीनं दुसऱ्या स्त्रीचा केलेला सन्मान. घरची बाई पाहुणीची ओटी भरते, मग पाहुणी घरच्या बाईला हळदकुंकू लावते. आमच्या संस्कृतीत यात कसलाही भेदभाव नाही. हे शेवटचं वाक्य तिनं ठळक अक्षरांत केलं होतं. आणि त्याच दुपारी मला वेगळा निरोप आला. "तुझ्या शेजारी जाऊबाई राहतात ना? तुझ्याकडची ओटी त्या भरतील. उगाच तुला अवघडल्यासारखं नको."

माझी किती काळजी! मी 'बरं' लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आवाज ऐकून जाऊबाई आल्या. त्या माझ्याहून मोठ्या, आतल्या गावच्या भातशेतीवाल्या घरातून आलेल्या, मनानं वाईट नाहीत.

"अगं, भरीन मी. त्यात काय? रीत हाय ती," त्या म्हणाल्या.

"पाहुणी माझी आहे."

"व्हय, तुझीच हाय. मी न्हाय म्हनलं का?"

त्यांना काय सांगणार? मला माझ्या घरात, माझ्या हातानं, माझ्या मैत्रिणीची ओटी भरायची होती. बाकी कसलीही हौस नव्हती. खण मात्र मी स्वतः बाजारात जाऊन आणला, हिरवा, जांभळ्या काठाचा, आणि तो निवडताना दुकानदाराला चांगला ताटकळत ठेवला.

दौरा सुरू झाला आणि ॲडमिन गाडीतून खबरा देऊ लागली. किहीमला पहिली ओटी. पाहुणीनं पँट घातलेली, पदर आणायचा कुठून? ती म्हणाली, शाल आहे की माझी, आणि आपली क्रोशाची शाल पसरून बसली. तांदूळ जाळीतून सरळ खाली गेले आणि वाडीतल्या कोंबड्यांची ओटी आधी भरली. अलिबागला कुणाच्यातरी नणंदेनं भरली, मुरूडला सखीच्या सासूबाईंनी भरली. प्रत्येक वळणावर डिकीतले नारळ या कडेचे त्या कडेला गडगडत जात होते, आणि विमानात नारळ नेऊ देतात का यावर ग्रुपवर दोन तट पडले होते. पाहुणी मात्र शिकत चालली होती. मुरूडला तिनं आपणहून पाटावर बसून उजवा हात पुढे केला म्हणे, आणि परत कुंकू लावताना आधी हळद लावायची हे तिनं सासूबाईंनाच सांगितलं.

आमच्या दाराशी गाडी थांबली आणि पाहुणी उतरली ती थेट माझ्या गळ्यात पडली. फोनमध्ये ती एवढी उंच दिसली नव्हती. दोघींनाही रडू आलं. ॲडमिन चित्रण करत होती, ती म्हणाली, "अगं, जरा उजेडात या, पुन्हा एकदा करा." आम्ही पुन्हा केलं नाही. पाहुणी पडवीत बसली, पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि काही न बोलता विणू लागली. मीही बसले. मला वाटलं, आता समुद्र राहिला तरी चालेल.

पण ॲडमिनचं लक्ष घड्याळाकडे. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा डोंगराच्या पायथ्याशी खडकांवरून आहे. ओहोटी असेल तरच जाता येतं, भरतीला ती वाट पाण्यात जाते. "ओटी उरकून घेऊ," ती म्हणाली.

जाऊबाई ताट घेऊन आल्या. मी सवयीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे सरकले. तीन वर्षांत अंगाला कळायला लागतं कुठे उभं राहायचं ते. पण पाहुणी पाटावर बसेना. तिनं जाऊबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ॲडमिनला विचारलं, "हे घर हिचं आहे ना?"

"हो, पण..."

"मग ओटी या का भरतात? तुम्हीच लिहिलंत की घरची बाई भरते."

किहीमची सखीही गाडीतून आली होती, ती हळूच मराठीत म्हणाली, "सांगून टाक ना तिला."

"काय सांगू? कसं सांगू?"

जन्मभर वर्गात इंग्रजी शिकवलं होतं तिनं. विधवेला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं असं नाही. पण माझ्या देखत, माझ्याच घरात, ठळक अक्षरांत भेदभाव नाही असं लिहून दिलेल्या बाईला ते सांगायचं कोणत्या तोंडानं? पाहुणी शांतपणे उभी होती. ती कुणाला अडवत नव्हती, तिला फक्त रीत चुकवायची नव्हती. शेवटी ॲडमिन इंग्रजीत म्हणाली, अर्थातच, हीच भरणार. आणि माझ्याकडे वळून, "भर. पटकन भर."

मला वाटलं, आता जाऊबाई मोडता घालतील. त्या पुढे आल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. "धर नीट. जड हाय."

मी ओटी भरली. लावताना थोडं कुंकू पाहुणीच्या नाकावर सांडलं. मग तिनं चिमटीत हळद घेतली, मग कुंकू घेतलं, आणि माझ्या कपाळाला लावलं. चांगलं रुपयाएवढं. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. लाज वाटेल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. ती काही आली नाही. मला आनंद झाला होता, आणि तो चारचौघींत झाला होता.

त्या हरिहरेश्वराला पोचल्या तेव्हा वाट पाण्यात गेली होती. बोर्लीला फार वेळ मोडला, असं ॲडमिननं ग्रुपवर लिहिलं.

पुढच्या आठवड्यात तिनं दौऱ्याचे सगळे फोटो टाकले. नारळ होते, फेरीबोट होती, किहीमचा कमोडसुद्धा होता. माझ्या घरचे दोनच, चहाचे. ओटी भरल्यावरचा आम्हा दोघींचा, माझ्या कपाळावरच्या कुंकवासकट, किहीमच्या सखीनं सवयीनं काढलेला फोटो तिनं मला एकटीला पाठवला होता, खाली काहीही न लिहिता. तो मी सगळ्यांसमोर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या घरी, माझ्या हातानं.' पाहुणीनं लगेच बदाम पाठवला. बाकी कुणी 'अप्रतिम' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी गुलाबही आले नाहीत. मला वाटलं, आता ग्रुपमधून काढतील, काढू देत.

संध्याकाळी ॲडमिनचा निरोप आला, फक्त मला. "आईनं तो फोटो पाहिला. परत परत मोठा करून बघते आहे. बाबांना जाऊन खूप वर्षं झाली. विचारते, हिला कुंकू कुणी लावलं? काय सांगू?"

मी लिहिलं, "सांग, मैत्रिणीनं." आणि मग राहवलं नाही म्हणून पुढे लिहिलं, "तू तिला कधी लावतेस?"