रविवारची बाराबोर

बंदूक चालवणाऱ्याकडे एखादाच किस्सा असतो, पुसणाऱ्याकडे पोतंभर! आम्ही पुसणारे.

ऐंशी सालच्या आसपास तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत आम्ही तिघे गनमन होतो: साताऱ्याचे कदम हवालदार, मालवणचा सावंत आणि मी. तिघेही मिलिटरीतून रिटायर. स्वतःची लायसन्सची बाराबोर असेल तरच ही नोकरी मिळायची. त्यामुळे बंदूक घरी यायची आणि दर रविवारी नावड्याच्या चाळीत ओट्यावर बसून आमची साफसफाई चालायची.

चाळीची मालकीण, गावातली म्हातारी, येता-जाता थांबायची.

"येवरी घासून ती काय नवी नवरी होनार हाय?"

*

नळी पुसायला मऊ कापड लागतं. एकदा मला घरात दुसरं काही सापडेना, म्हणून ट्रंकेतलं एक लाल कापड टराटरा फाडलं. ते बायकोला माहेरहून आलेलं ब्लाउजपीस निघालं.

"बंदुकीला खण, आणि मला चिंध्या!"

महिनाभर चहा मीच केला.

*

सावंताचा भरवसा खोबरेल तेलावर. डोक्याला तेच, सांध्यांना तेच, बंदुकीलाही तेच! जानेवारीतल्या तपासणीला साहेबांनी त्याची नळी डोळ्याला लावली.

"सावंत, ह्यातून पलीकडचं दिसतच नाही!"

"थंडी हा साहेब. जरा ऊन येवंदे."

*

खंडेनवमीला कदमवहिनींनी बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडून झेंडू घातला. खाडीची हवा, त्यात ओलं कुंकू! कदमांनी हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच फडकं घेतलं. वहिनी ओरडल्या, "अहो, आरती तरी होऊ द्या!"

"देवी थांबेल, गंज थांबत नाही."

*

आता कदमांचाच शेवटचा किस्सा. मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि घरात कमावते ते एकटेच. एका दुपारी तांब्याच्या तारा उचलायला मागच्या बाजूने चौघे घुसले. कदमांनी हवेत बार काढला. आठ वर्षांतला पहिला! चोर तारा टाकून पळाले.

पण मिलिटरीची सवय जाते कुठे? बार काढला की आधी नळी साफ, मग बाकीचं जग. कदम तिथेच स्टुलावर बसले, बंदुकीचे तीन भाग सुटे केले आणि गजाला चिंधी गुंडाळली. चोर कुंपणाआडून बघत होते. ते शांतपणे परत आले आणि तारा घेऊन गेले!

साहेबांनी कदमांना केबिनमध्ये उभं केलं. मी दाराशी होतो. लग्न तोंडावर आणि हा माणूस घरी बसणार, ह्याचं फार वाईट वाटत होतं.

"कदम, तुम्हीच सांगा, ठेवू की काढू? उद्या चोर परत आले तर काय कराल?"

कदमांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

"येऊ द्या साहेब! आता साफ झालीय."