रिकामी

मावशीला दिवस गेलेत, ही बातमी तळमजल्यावरच्या काकूंनी फोडली. पुरावा भक्कम: जिना चढताना मावशी मध्येच कठड्याला टेकते, पावलं सुजलीत, आणि परवा सोनोग्राफी करून आली. "लपवतेस होय गं लबाडे!" काकू नाकातून म्हणाल्या. मावशी म्हणाली, "हं."

तसलं काही नव्हतं. सोनोग्राफी झाली ती छातीची. हृदयातून फुफ्फुसात रक्त नेणारी तिची धमनी आतून जाड होत चालली होती. आजार दुर्मीळ. मी सोबत गेले होते. डॉक्टर एकेका शब्दाला इस्त्री करत म्हणाले, "औषधं... आहेत. मूल मात्र... नको. जिवावर बेतेल." मावशीने एवढंच विचारलं, "उद्या कामावर जाऊ ना?"

मावशी घोड्यांच्या पैदास केंद्रावर डॉक्टर. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा नि घोडीचे बीजकोश नि गर्भाशय मशीनवर बघायचे. पडद्यावर काळी द्राक्षं दिसतात. एखादं टपोरं होऊन फुटतं, तेव्हा बीज सुटतं. कोवळ्या घोडीचं द्राक्ष पुष्कळदा नुसतं फुगतं नि न फुटताच विरतं. "हूल देतात मेल्या," मावशी म्हणायची. तपासून झालं की ती एकच शब्द ओरडणार, "भरली", म्हणजे गाभण, किंवा "रिकामी", आणि घोडी धरून उभे असलेले काका, म्हणजे तिचा नवरा, तोच शब्द खडूने दारावर लिहिणार.

काकांच्या कानावर काकूंची बातमी गेली होती. विचारलं काहीच नाही. पण मावशीची पिशवी स्वतः उचलायला लागले आणि बेसूर शीळ घालायला लागले. ती शीळ ऐकली की मावशी ताट सरकवून उठायची.

"आजही तू काकांना खरं सांगतच नाहीस," केंद्रावर पोचताना मी म्हटलं. "लाव पैज. हरेल त्याने तांबडीची लीद काढायची."

"बरं," मावशी म्हणाली.

तांबडीला यंदा पहिल्यांदाच नर दाखवला होता. मावशीने बराच वेळ पडदा पाहिला.

"रिकामी."

"असू दे," काका खडू शोधत म्हणाले. "पोर आहे अजून. पुढच्या खेपेला."

"पुढची खेप नाही."

"का? मालक विकतोय की काय तिला?"

"तांबडीचं नाही सांगत. माझं सांगतेय." पडद्यावरचं माप वाचावं तसा आवाज. "दिवसबिवस काही नाहीत. छातीतल्या धमनीचा आजार आहे. मूल होऊ द्यायचं नाही म्हणाले. कधीच."

काकांनी लगाम सोडला नाही. तांबडीने त्यांच्या खिशात तोंड घातलं, तेही त्यांना कळलं नाही.

"खाली बस जरा," शेवटी ते म्हणाले.

"आधी हातमोजा काढते," मावशी म्हणाली. तो निघेना, तेव्हा काकांनी बोटं धरून ओढला.

पैज मी हरले होते. फावडं घेऊन ठाणात शिरले.