ताईच्या पाठीमागं उभा नवरा

हिंगोलीकडल्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची मालनबाई कुणाला भिणारी बाई नव्हती. भर बाजारात व्यापाऱ्याचा काटा अडवून भांडायची. पण २००६ साली महिन्यातला एक दिवस तिचे हातपाय गार पडायचे. त्या दिवशी हिंगोलीहून पुनमताई यायची.

मालनबाईला फेफरं होतं. एकदा चुलीपाशीच झटका आला आणि उजवा हात भाजला. मग डॉक्टरांच्या नव्या गोळीच्या अभ्यासात तिचं नाव लागलं आणि आठ महिने झटका आला नाही. गोळीचा मनावर, डोक्यावर काय परिणाम होतो हे बघायचं काम पुनमताईचं. ती दहा शब्द वाचून दाखवायची, अर्धा तास सुखदुःखाचं बोलायची आणि मग तेच शब्द विचारायची. तांड्यानं ठरवूनच टाकलं की ही परीक्षा आहे. नापास झालं की गोळी बंद.

शब्द मालनबाईच्या डोक्यात टिकत नव्हते. म्हणून तिचा नवरा लालसिंग ताईच्या पाठीमागं उभा राहून खुणा करायचा. मोठा हुशार गडी! बायको कुठं अडली तर हात द्यावा, एवढंच त्याच्या मनात.

यावेळी मात्र मालनबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. परवा ती शेतातून घरी आली ती एकटीच. चार वर्षांची मिना बांधावर झाडाखाली झोपलीय, हे ती साफ विसरली होती. शेजारच्या रुक्माबाईनं पोरीला आणून सोडलं. "यांना सांगू नको," म्हणत मालनबाईनं तिचे पाय धरले होते.

ताईनं शब्द विचारले. मागं लालसिंगनं कानाला हात लावला. मालनबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

"ताई, मागं बघा. हे सांगून राहिले मला. परवा मी लेकरू शेतात इसरून आले."

लालसिंगचा हात कानावरच राहिला.

"गोळी बंद करू नका, ताई. मी परत चुलीत पडंन."

"ही परीक्षा नाही, मालनबाई," ताई तिचा हात धरून म्हणाली. "विसरायला होतंय, हेच तर आम्हाला कळायला हवं. डॉक्टर गोळी कमी करतील, नाहीतर बदलतील. तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीत."

"बदलल्यावर फेफरं आलं तर?"

"येऊ शकतं." ताई खोटं बोलली नाही. "म्हणून आता मी दर आठवड्याला येईन. यांच्याकडं न बघता, आठवतील तेवढेच शब्द सांगा."

मालनबाईनं भिंतीकडं तोंड केलं. "कान," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पानी."

लालसिंग तिसऱ्या शब्दाची वाट बघत राहिला, तो आलाच नाही. दहातले सात-आठ तरी तिला स्वतःलाच येतात, असं तो आठ महिने धरून चालला होता. तो उंबऱ्यावरच खाली बसला.