सातव्या घरातले दोघे

सहदेवराव गावंडे अकोल्यात डाबकी रोडला राहतात. एसटीच्या नोकरीत असतानाच ते पत्रिका पाहायला शिकले आणि निवृत्तीनंतर तेच काम धरून बसले. मूर्तिजापूर, दर्यापूर, बाळापूर इकडून लोक त्यांच्याकडे येतात. बोलणं सरळ. वाईट दिसलं तर वाईट सांगतात. पण मुलगा अनुप याच्या पत्रिकेतल्या लग्नयोगाचा विषय ते घरातही काढत नसत.

अनुपचं जन्मलग्न कर्क. सातवं घर जोडीदाराचं, तिथं मकर रास, आणि त्या राशीत शनी आणि मंगळ अगदी जवळजवळ बसलेले. शनी मकरेत म्हणजे स्वतःच्या घरात, मंगळ मकरेत म्हणजे उच्चीचा. दोघंही जोरात, आणि घोळ तिथंच होता. काही जाणकार म्हणतात, असे बलवान ग्रह दोष देत नाहीत, उलट माणसाला कर्तबगार करतात. काही म्हणतात, पापग्रह जितका बलवान तितका संसाराला जड. मंगळ पेटवतो आणि शनी गोठवतो. परक्या पोराची पत्रिका असती तर सहदेवरावांनी पहिलं मत सांगून आईबापांना धीर दिला असता. स्वतःच्या पोराला ते सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. स्थळ आलं की म्हणायचे, "थांबू जरा. ही अंतर्दशा जाऊ दे." असं थांबता थांबता अनुपनं तिशी ओलांडली.

अनुप अमरावतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्याच शेजारच्या टेबलावर मोनाली वानखडे काम करायची. एका दिवाळीला घरी आला तेव्हा त्यानं आईला, दुर्गाबाईंना, सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी. मोनालीचं घर बौद्ध. दुर्गाबाईंनी दोन दिवस विचार केला, मग म्हणाल्या, "पोरगी पाहून येऊ." पाहून आल्या आणि हो म्हणाल्या.

सहदेवरावांच्या डोळ्यांपुढे नातेवाइकांची तोंडं आली, नाही असं नाही. पण त्यांना खरं भेव वेगळंच होतं. वानखड्यांच्या घरी पत्रिका करतच नसत. मोनालीची जन्मवेळही कुणाला सांगता येईना. तिची पत्रिका असती तर तिच्यातही तसाच जोर आहे का, दोन्हींचा तोल बसतो का, ते पाहता आलं असतं. इथं एकच पारडं हातात होतं.

"मी काय सांगू?" ते दुर्गाबाईंना म्हणाले. "मले काईच समजून नाई राहिलं."

"तुमी त्याले जलमापासून त्या दोन ग्रहाईच्या आडूनच पाहून राहिले," दुर्गाबाई म्हणाल्या. "जरा पोराले पाहा ना."

 पोरीच्या बापाला अंधारात ठेवायचं नाही एवढं सहदेवरावांनी ठरवलं, आणि एका सकाळी ते अमरावतीच्या एसटीत बसले.

मोनालीचे वडील बुधाजी वानखडे हायस्कुलात मास्तर होते, आता निवृत्त. त्यांनी पाहुण्याला बसवलं, चहा झाला. सहदेवरावांनी खिशातून कागद काढला, परत आत ठेवला.

"सर, तुमी हे मानत नाई, मले माहीत आहे. पन सांगतलं नाई तर माह्या मनाले लागीन." आणि त्यांनी सातवं घर, शनी, मंगळ, दोन मतं, सगळं सांगितलं.

बुधाजींनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "माह्या बापानं छप्पन साली हे सोडलं. तवा ते ग्रहाचं राहू द्या. तुमाले भेव कशाचं वाटते, तेवढं साध्या बोलीत सांगा."

 साध्या बोलीत सहदेवरावांनी ते कधी मनाशीही म्हटलं नव्हतं.

"त्याले राग येते," ते हळूहळू बोलू लागले. "लवकर नाई येत. पन आला की लागेल असं बोलते. आन मंग बोलनंच बंद करते. आठ आठ रोज. घरात असून नसल्यावानी."

"हात उचलते?"

"कधीच नाई."

"दारू?"

"नाई सर."

मोनालीची आई शालूताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हे पोरीले माहीत पाह्यजे."

"त्याच्याचसाठी आलो, बाई."

"मंग इतलं सांगाले पत्रिका काहून लागली?" बुधाजींनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता.

 "मले दुसरं काई वाचता येत नाई, सर," सहदेवराव म्हणाले.

त्याच आठवड्यात मोनालीनं अनुपला विचारलं, तू असा गप्प काहून होतो? त्यानं आधी उडवून लावलं. तिनं परत विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "लहानपनी मी चिडलो का घरी म्हनत, मंगळ आहे त्याचा. गप्प बसलो का म्हनत, शनी बसला, उठीन आपसूक. काय झालं म्हनून कोनी विचारलंच नाई. सांगाची सवयच नाई लागली."

मोनालीनं हे दुर्गाबाईंना सांगितलं. दुर्गाबाईंनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता नवऱ्याला सांगितलं. सहदेवरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. ते उठून ओसरीत गेले. त्या दिवशी आलेल्या माणसांना त्यांनी उद्या या म्हणून परत पाठवलं.

लग्न नोंदणीनं झालं. गावंड्यांकडचे काही नातेवाईक आले नाहीत, जे आले ते पोटभर जेवून गेले. पुढचे काही महिने बरे गेले. मग उन्हाळ्यात कशावरून तरी दोघांचं वाजलं आणि अनुप गप्प झाला. मोनालीनं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. बुधाजींनी अकोल्याला फोन केला.

सहदेवराव दुपारच्या उन्हातच अमरावतीला निघाले. अनुपच्या खोलीचं दार उघडंच होतं. कूलर चालू होता, त्यात पाणी नव्हतं. त्यांनी बादली आणून पाणी भरलं आणि मुलाशेजारी पलंगावर बसले.

"काय झालं रे?"

अनुपनं मान वर केली. बाप आता दशा सांगेल, असं त्याला वाटलं असावं. सहदेवराव नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळानं अनुप बोलू लागला. प्रयोगशाळेत साहेबानं चारचौघांत त्याचा अपमान केला होता, तो राग घरी मोनालीवर निघाला होता, आणि माफी कशी मागावी ते त्याला कळत नव्हतं. सहदेवरावांनाही ते नीट येत नव्हतं. दोघांनी मिळून चहा केला. संध्याकाळी अनुप गाडी काढून सासऱ्याकडे गेला आणि मोनालीला घेऊन आला. तो अजूनही गप्प होतो. पण आता ती त्याला तसं सोडत नाही.

सहदेवराव पत्रिका पाहतात. मात्र शनी-मंगळाची युती पुढ्यात आली की आधी पोराबद्दल विचारतात, कसा आहे, कोणाशी बोलतो. काही लोकांना हे पटत नाही. म्हातारा आता पहिल्यासारखा सांगत नाही म्हणून ते दुसरीकडे जातात.

परवा दुर्गाबाईंनी त्यांना विचारलं, त्या दोन मतांतलं खरं कोणतं निघालं? सहदेवरावांनी बराच विचार केला. ग्रहांनी पोरगा तसा घडवला, की ग्रह पाहून आपण त्याला तसा घडवला, हे त्यांना सांगता येईना.

"मले नाई समजलं," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.