नाडीला बांधलेला फोन

भाजीबाजारात एक कोथिंबीरवाली बघितली. फोन वाजला की ती कमरेला बांधलेली दोरी ओढायची आणि विहिरीतून पोहरा यावा तसा फोन वर यायचा. बोलणं झालं की खुशाल सोडून द्यायची. फोन लोंबकळायचा, पण पडायचा नाही.

माझा फोन महिन्यात तीनदा पडला. हात थरथरतात. मुलगा म्हणाला, "आई, तुला आता बटणांचा साधा फोनच बरा," आणि तो घेऊनही आला. वय झालं की हातातून वस्तू निसटतात, हे खरं. पण निसटायच्या आधीच घरचे त्या मायेने काढून घेतात, त्याचं काय? माझ्या स्कूटरची किल्ली अशीच गेली.

घरी येऊन जुन्या परकराची नाडी काढली, फोनच्या कव्हरला भोक पाडलं, सेफ्टी पिनेने नाडी ओवली आणि गळ्यात घातली.

"आई, हे काय ध्यान? लोक हसतील."

"हसू देत. निसटला तरी पोटाशीच राहील. तो बटणांचा फोन परत देऊन ये. आणि माझ्या स्कूटरची किल्ली कुठे लपवलीस ते सांग. नाडी अजून बरीच उरली आहे."