जेलवाल्याच्या घरचं लेकरू

जिजाचा पहिला नवरा कवडू तापाने गेला तेव्हा कांता रांगत होती. दोन-तीन वर्षं मोठ्या दिराच्या, रूपरावच्या घरी राबून जिजाने केळझरच्या तानबाशी पाट लावला. तानबा लाकडं फोडायचा. पूर्वी मोहाची दारू गाळताना सापडून त्याने वर्ध्याच्या जेलात सहा महिने काढले होते. सुटल्यावर भट्टीकडे फिरकला नाही. कांता त्याच्या खांद्यावरून उतरत नसे.

चोपन्न सालच्या पोळ्याला रूपराव कांताला घेऊन गेला. दोन दिवसांनी आणून सोडतो म्हणाला, पण सोडली नाही. त्याला मूलबाळ नव्हतं. जिजा आणायला गेली, तर त्याची बायको अन्नपूर्णा दारात आडवी उभी राहिली.

"जेलवाल्याच्या घरी आमच्या कवडूची पोरगी नाई राहणार."

प्रकरण वर्ध्याच्या कोर्टात गेलं. रूपरावच्या वकिलाने तानबाला एवढंच विचारलं, "तू तुरुंगात होतास?"

"होतो जी."

"दारूच्या गुन्ह्यात?"

"हो जी."

वकील खाली बसला.

जिजा उठून म्हणाली, "साहेब, याच्या भट्टीवर हे माहे मोठे दीरच रोज येत होते. पाटलाले पुसा."

गावचे पाटील बापूराव तिथेच बसले होते. तेही त्याच भट्टीवर प्यायला जात. ते म्हणाले, "मले काई माहीत नाई."

निकाल रूपरावच्या बाजूने लागला. जिजाने महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन मुलीला पाहावं, तानबाने सोबत येऊ नये.

जिजाच्या वकिलाने बाहेर सांगितलं, "हा माणूस घरात आहे तोवर मुलगी विसर."

त्या रात्री तानबा जेवायला बसला होता. जिजाने भाकर वाढली आणि म्हणाली, "तुमी निंघून जा. पोरगी आली का बलावीन."

त्याने भाकर संपवली, कुऱ्हाड घेतली आणि चांद्याच्या जंगलाकडे निघून गेला.

जिजाने पुन्हा अर्ज केला. आता रूपरावचा वकील म्हणाला, "ही बाई एकाही घरी टिकली नाही. एकटी मजुरीला जाते. लेकरू कोण पाहील?" अर्ज फेटाळला गेला.

पुढच्या भेटीला तिने पदरात भाकर आणि गूळ बांधून नेला. कांता अन्नपूर्णेला बिलगून होती.

"मले जेलातली भाकर नाई पायजे," ती म्हणाली. अन्नपूर्णा हसली.

त्यानंतर जिजा तानबाला शोधत चांद्याकडे गेली. लाकूडतोड्यांच्या वस्तीत तो सापडला. झोपडीत दुसरी बाई होती, पोटुशी.

"कांता घरी आली?" तानबाने विचारलं.

"नाई."

त्या बाईने तांब्याभर पाणी आणून दिलं. जिजा पाणी प्याली आणि आल्या वाटेने परत निघाली.