फाटकात आडवी मालगाडी

सोलापूर स्टेशनात गाडी हल्ली खोळंबत नाही म्हणता, मग जिच्यामुळं ती खोळंबायची ती मालगाडी आता कुठं जाऊन उभी राहते, हे कधी कुणाला विचारलंत का?

केराबाईला विचारा. होटगीजवळ रुळाला लागून तिचं खोपट आणि मेंढरांची वाघूर, म्हणजे जाळीचा कोंडवाडा. चरायचं रान आणि पाणी रुळापलीकडं, मधे फाटक. पूर्वी मालगाडी यायची, निघून जायची. मग शहरातली गर्दी हटवायची ठरली आणि सिमेंट-कोळशाच्या गाड्या इकडच्या लाईनीवर वळवल्या. शहरात पेढे वाटले. पण गर्दी काय हवेत विरते? ती केराबाईच्या दारात येऊन बसली. पुढं सिग्नल मिळेना की गाडी नेमकी फाटकात आडवी.

"नागप्पा, हलीव की रं ते धूड!" केराबाई फाटकवाल्यावर ओरडायची.

"माझ्या बाचं असतं तर कवाच हलीवलं असतं, अव्वा. सिग्नल न्हाय."

माणसं डब्याखालून वाकून जायची. गुन्हा आहे, ठाऊक आहे. पण तापानं फणफणलेलं पोर काय सिग्नलची वाट बघत बसतं? केराबाई मात्र कळप घेऊन थांबायची. मेंढरू डब्याखाली घालायचं नाही, हा तिचा हट्ट.

धनगराघरची रीत अशी, की तान्ही कोकरं रानात नेत नाहीत. ती दिवसभर वाघुरीत ठेवायची, आया सांजेला येऊन पाजतात. कळप पांगला तर एक कोकरू उचलून ओरडवायचं. आवाज ऐकला की आया सगळं सोडून धावत येतात. काठी नको, कुत्रं नको.

त्या सांजेला गाडी हलता हलेना. कासा तटलेल्या मेंढ्या बिथरल्या, शेजारच्या उभ्या ज्वारीत घुसू लागल्या. केराबाई कळपासोबत गाडीपलीकडं अडकलेली.

"पांगली गं, रुपाले!" ती पलीकडून ओरडली.

रुपाली तिची सून. लग्न होऊन आल्यापासून ही हाक आली की तिचा हात आपसूक कोकराकडं जायचा, तसाच गेला. तिनं कोकरू उचललं, त्याचा कान पिळला. ते ओरडलं, तशी सगळी वाघूर ओरडायला लागली.

"न्हाय गं! गप कर त्यास्नी!" केराबाईनं बोंब ठोकली. तोवर मेंढ्या ज्वारीतनं वळल्या होत्या. माना खाली घालून डब्यांखाली शिरल्या. आणि एवढा वेळ न मिळालेला सिग्नल तेव्हाच मिळाला. डब्याडब्यातनं खडखडत हिसका आला. अलीकडं पोचल्या त्या पोचल्या. ज्या मधे होत्या, त्या मधेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रेल्वेचा साहेब चौकशीला आला.

"आजी, रुळावर जनावरं सोडणं गुन्हा आहे."

"आन् फाटकात गाडी सोडनं?"

साहेब हसला. हसत हसतच केराबाईच्या नावावर गुन्हा लिहून घेतला.

तिनं भुयारी वाट मागितली, तर म्हणे प्रस्तावात आहे. बरं, तोवर गाडी फाटकाच्या मागं तरी उभी करा, म्हणाली. तेही वरच्यांना विचारावं लागेल म्हणे. वर म्हणजे कुठं, ते नागप्पालाही ठाऊक नाही.

तेव्हापासून गाडी आडवी लागली की रुपाली वाघुरीत बसते आणि कोकरांची तोंडं दाबून धरते. हात दोन, तोंडं कितीतरी. मेलेल्या आयांचीही पोरं त्यातच, तीच जास्त ओरडतात. पलीकडं केराबाई पत्र्याचा डबा बडवत राहते, कोकरांचा आवाज मेंढ्यांच्या कानी पडू नये म्हणून. जन्मभर जो आवाज करून कळप घरी आणला, तोच बुडवण्यासाठी.

तुमची गाडी वेळेत लागली, आनंद आहे. आता उतरल्यावर तडक घरी जाऊ नका. त्याच स्टेशनातल्या साहेबाच्या दारात उभे राहा आणि तोंडावर सांगा: मालगाडी फाटकाच्या मागं थांबवा.